अब्जांश कण, वनस्पतिज बहुवारिकांचे : श्राव्यातीत तरंगांद्वारे निर्मिती

सेल्युलोज, स्टार्च, वनस्पतिज प्रथिने, डिंक इ. पदार्थांचे मोठे रेणू अनेक लहान घटक एकापुढे एक जोडले जाऊन बनलेले असतात. अशा पदार्थांना वनस्पतिज बहुवारिके म्हणतात. त्यांचे निदान एका मितीत १ ते १०० नॅनोमीटर (१ नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग) आकारमानाचे जे कण किंवा तंतुक तयार करता येतात, त्यांना अब्जांश कण ही संज्ञा आहे. औषधांच्या क्षेत्रात काहीशे नॅनोमीटरपर्यंतच्या कणांनाही ही संज्ञा सैलपणे लावतात. हे कण मिळविण्याच्या अनेक पद्धती आहेत. मानवी कानाला ऐकू न येणाऱ्या, म्हणजे सेकंदाला २०,००० पेक्षा अधिक कंप्रतेच्या ध्वनितरंगांचा उपयोग करणारी श्राव्यातीत पद्धती ही त्यांपैकी एक होय. तीत तीव्र अम्लांचा वापर कमी करता येतो किंवा अजिबात टाळता येतो. कृषिज कच्चा माल विपुल पण पाणी दुर्मिळ अशा नांदेड-लातूरसारख्या प्रदेशांच्या दृष्टीने हा विषय विशेष विचारात घेण्याजोगा आहे.

इतिहास : फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंसेल्म पायां यांनी १८३८ मध्ये वनस्पतींच्या कोशिकाभित्तींतील मुख्य द्रव्य वेगळे केले व पुढे त्याला सेल्युलोज हे नाव मिळाले. अशी द्रव्ये लांब शृंखलेच्या महारेणूंची बनलेली असतात, ही कल्पना हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये मांडली. प्रारंभी तिला बराच विरोध झाला. तथापि याच कार्याबद्दल त्यांना १९५३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. १९५० च्या सुमारास स्वीडनमध्ये बेंग्ट रोनबी यांनी सल्फ्यूरिक अम्लाच्या साहाय्याने सेल्युलोजाचे अतिसूक्ष्म स्फटिकी कण कलिल स्वरूपात मिळविले. १९८० नंतरच्या दशकात अमेरिकेत काष्ठलगद्यावर प्रचंड दाब देऊन व तो अरुंद फटीतून वारंवार ढकलून सेल्युलोजाचे सूक्ष्म तंतुक मिळविण्याची यांत्रिक पद्धती पुढे आली.

श्राव्यातीत तरंगांचा इतिहास याला समांतर आहे. झाक व प्येर क्यूरी या बंधूंनी १८८० मध्ये स्फटिकांतील दाबविद्युत् परिणामाचा शोध लावला. पहिल्या महायुद्धाच्या काळात पॉल लांझ्व्हँ यांनी त्याच परिणामावर चालणारा ध्वनिप्रेषक पाणबुड्यांच्या शोधासाठी तयार केला. द्रवातील पोकळी कोसळताना किती प्रचंड दाब निर्माण होतो याचे गणित लॉर्ड रॅली यांनी १९१७ मध्ये मांडले. आर्. डब्ल्यू. वुड व ए. एल्. लूमिस यांनी १९२७ मध्ये तीव्र श्राव्यातीत तरंगांचे भौतिक व जैव परिणाम प्रसिद्ध केले. त्यानंतरच्या दशकातच अशा तरंगांनी बहुवारिकांच्या विद्रावांची श्यानता घटते, म्हणजेच त्यांच्या शृंखला तुटतात, हे दिसून आले. अब्जांश कणांच्या निर्मितीसाठी या परिणामाचा हेतुपुरस्सर उपयोग मात्र मुख्यतः एकविसाव्या शतकात सुरू झाला.

कच्च्या मालाची संरचना : सेल्युलोजाची शृंखला ग्लुकोजाच्या एककांची असते. कापसाच्या तंतूत एका शृंखलेत अशी सुमारे दहा हजार एकके असू शकतात. शेजारशेजारच्या शृंखला हायड्रोजन बंधांनी एकत्र येऊन काही नॅनोमीटर जाडीचे तंतुक बनतात. तंतुकांचे जुडगे आणि जुडग्यांचा तंतू अशी ही रचना असते. सुताच्या बारीक पेडांपासून दोर वळावा तशी ती दिसते. तंतुकात शृंखला नीटस रचलेले स्फटिकी भाग आणि विस्कळित अस्फटिकी भाग आळीपाळीने असतात. म्हणजे अब्जांश तंतुक हे मानवाने नव्याने घडवायचे नसून ते निसर्गतः आधीच घडलेले असतात. त्यांची एकमेकांपासून सोडवणूक तेवढी करावयाची असते. यासाठी शृंखलेतील बळकट सहसंयुजी बंध तोडण्याची गरज नसते. तंतुकांना एकत्र धरणारे हायड्रोजन बंध त्या मानाने बरेच दुर्बल असतात व तेच सोडवावे लागतात.

स्टार्चची गोष्ट वेगळी आहे. ज्वारीच्या दाण्यातील स्टार्चचे कण सामान्यतः ५ ते २५ मायक्रोमीटर व्यासाचे असतात व त्यांत स्फटिकी आणि अस्फटिकी थर एकाआड एक असतात. येथे मोठ्या कणाचे तुकडेच करावे लागतात. सोयाबीन किंवा मका यांतील प्रथिनांच्या बाबतीत तिसराच मार्ग अनुसरतात : प्रथिन प्रथम विद्रावात आणतात व नंतर विद्रावक बदलून ते सूक्ष्म कणांच्या रूपाने पुन्हा बाहेर काढतात.

तरंगांचे कार्य : २०,००० हर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाची पाण्यातील तरंगलांबी सुमारे ७·४ सेंमी. असते. एवढा लांब तरंग काही मायक्रोमीटरच्या तंतूला थेट फोडू शकत नाही. हे काम तरंगामुळे उत्पन्न होणारे बुडबुडे करतात. तरंगाच्या विरलन अवस्थेत द्रव ताणला जातो व त्यात विरघळलेला वायू किंवा बाष्प यांच्या सूक्ष्म पोकळ्या निर्माण होतात. पुढील काही आवर्तनांत त्या वाढत जातात व एका मर्यादेनंतर संपीडन अवस्थेत एकाएकी कोसळतात. या क्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात. कोसळणाऱ्या बुडबुड्याच्या अंतर्भागात क्षणभर सुमारे ५,०००° केल्व्हिन तापमान व सुमारे एक हजार वातावरणे दाब उत्पन्न होतो. मात्र हा भाग इतका लहान व ही घटना इतकी अल्पकालिक असते की, सभोवतालचा द्रव जवळजवळ थंडच राहतो.

कोसळण्याच्या वेळी आघात तरंग बाहेर पडतात व द्रवात तीव्र कर्तन प्रवाह निर्माण होतात. बुडबुड्याहून मोठ्या पृष्ठभागाजवळ बुडबुडा असममितपणे कोसळतो व सेकंदाला १०० मीटरहून अधिक वेगाची द्रवाची सूक्ष्म धार त्या पृष्ठभागावर आदळते. यांमुळे तंतूचा पृष्ठभाग उसवतो, पाणी आत शिरते व जुडगे सुटी होत जातात. विद्रावातील लांब शृंखला या प्रवाहात ताणली जाते आणि ताण सर्वांत अधिक असलेल्या मध्याजवळ तुटते. तुकडे जसजसे आखूड होतात तसतसा त्यांवरील ताण घटतो. परिणामतः एका ठराविक रेणुभाराखाली तुटण्याची क्रिया जवळजवळ थांबते. अधिक वेळ तरंग देत राहिल्याने अधिक लहान कण मिळतातच असे नाही, याचे हे एक कारण आहे.

उपकरण : प्रयोगशाळेतील उपकरणाचे तीन मुख्य भाग असतात : विद्युत् जनित्र, दाबविद्युत् मृत्तिकेच्या चकत्यांचा ऊर्जापरिवर्तक आणि टिटॅनियमाच्या मिश्रधातूची निमुळती दांडी. ऊर्जापरिवर्तकातील सूक्ष्म कंपने दांडीच्या टोकाशी विवर्धित होतात व हे टोक निलंबनात बुडविलेले असते. वस्तू स्वच्छ करण्यासाठी वापरतात त्या श्राव्यातीत टाकीत ऊर्जा मोठ्या घनफळात पसरते. म्हणून ती या कामास बहुधा अपुरी पडते.

या उपकरणाच्या वापरात तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. (१) तापमान : ५०० वॉटच्या उपकरणातील निम्मी ऊर्जा जरी १०० मिलि. पाण्यात उतरली, तरी त्याचे तापमान मिनिटाला सुमारे ३५° से. या त्वरेने वाढू लागते. द्रव तापला की बुडबुड्यात बाष्प अधिक भरते व कोसळण्याचा जोर मंदावतो. म्हणून पात्र बर्फात ठेवतात व तरंग सलग न देता मधूनमधून थांबवून देतात. (२) टोकाची झीज : कोसळणारे बुडबुडे दांडीचे टोकही कुरतडतात. टिटॅनियमाचे हे सूक्ष्म तुकडे केंद्रोत्सारकाने काढले नाहीत, तर औषधी किंवा खाद्य उपयोगाच्या कणांत भेसळ राहते. (३) आवाज : तरंग श्राव्यातीत असले, तरी बुडबुड्यांमुळे कर्कश श्राव्य ध्वनीही निर्माण होतो, यासाठी उपकरण ध्वनिरोधक पेटीत ठेवतात व कानांचे संरक्षण करतात.

कृती : सेल्युलोजासाठी दोन मार्ग प्रचलित आहेत. पहिल्यात कापसाचे आखूड तंतू (लिंटर) सुमारे ६४ टक्के सल्फ्यूरिक अम्लात ४५° से. तापमानास पाऊण ते एक तास ठेवतात. अम्लाने अस्फटिकी भागांचे जलीय विच्छेदन होते व स्फटिकी भाग शिल्लक राहतात. नंतर सुमारे दसपट पाणी ओतून विक्रिया थांबवितात, केंद्रोत्सारण व अपोहन यांनी अम्ल काढून टाकतात आणि अखेरीस काही मिनिटे श्राव्यातीत तरंग देऊन चिकटलेले कण सुटे करतात. मिळणारे कण तांदळाच्या दाण्यासारखे लांबट, सामान्यतः ५ ते १० नॅनोमीटर रुंद व १०० ते ३०० नॅनोमीटर लांब असतात. अम्लामुळे त्यांच्या पृष्ठावर ऋण विद्युत् भारित सल्फेट गट जोडले जातात व त्यांच्या परस्पर प्रतिसारणामुळे निलंबन स्थिर राहते.

दुसऱ्या मार्गात तीव्र अम्ल वापरीत नाहीत. कच्च्या मालातील लिग्निन व हेमिसेल्युलोज विरल दाहक सोडा आणि विरंजक द्रव्य यांनी काढतात. उरलेल्या लगद्याचे पाण्यातील सुमारे १ टक्का किंवा त्याहून विरल निलंबन करून त्याला अर्धा तास वा अधिक काळ तीव्र तरंग देतात. यातून स्फटिकी व अस्फटिकी असे दोन्ही भाग असलेले, लांब, लवचिक आणि जाळ्यासारखे गुंतलेले तंतुक मिळतात. ते पाण्यात जेलीसारखे दिसतात. ही जेली सरळ वाळविली, तर तंतुकांत पुन्हा हायड्रोजन बंध निर्माण होऊन ते कायमचे चिकटतात. म्हणून माल ओल्या स्वरूपातच ठेवतात किंवा गोठवून वाळवितात.

स्टार्चचे अब्जांश स्फटिक अम्लाने मिळविण्यास सुमारे ४०° से. तापमानास साधारण पाच दिवस लागतात व उताराही कमी पडतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगमालेत स्टार्चच्या थंड निलंबनाला केवळ श्राव्यातीत तरंग देऊन सुमारे ३० ते १०० नॅनोमीटरचे कण मिळाले व कोणतेही अम्ल वापरावे लागले नाही. मात्र या कणांची स्फटिकता मूळ स्टार्चपेक्षा घटलेली होती. प्रथिनांच्या बाबतीत, उदा., मक्यातील झाइन, ७० ते ८० टक्के एथॅनॉलात विरघळवून तो विद्राव तरंग चालू असलेल्या पाण्यात सोडतात. झाइन पाण्यात अविद्राव्य असल्याने त्याचे सूक्ष्म कण तत्काळ बाहेर पडतात आणि तरंगांमुळे ते एकत्र येऊन मोठे होण्यास प्रतिबंध होतो.

तयार कणांचे परीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, प्रकाशाचे प्रकीर्णन व क्ष-किरण विवर्तन यांनी करतात. प्रकीर्णनाने मिळणारा व्यास कण गोल आहेत असे गृहीत धरून काढलेला असतो. लांबट सेल्युलोज कणांच्या बाबतीत केवळ त्यावर विसंबणे चुकीचे ठरते.

मराठवाड्यातील कच्चा माल : नांदेड हे कापसाचे जुने केंद्र आहे. येथील गावरानी कापूस निजामी राजवटीत नावाजलेला होता आणि येथील कापूस संशोधन केंद्राने विकसित केलेला नांदेड-४४ हा संकरित वाण १९८० नंतरच्या दशकात सर्वत्र पसरला. हे केंद्र परभणी येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत आहे. जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतू हे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज होय. परंतु लहान तेलगिरण्यांत बहुतेक सरकी हे तंतू न काढताच गाळली जाते व ते पेंडीबरोबर जातात. शेतातील पऱ्हाटीत सेल्युलोज सुमारे दोन-पंचमांश असते. तिचा थोडा भाग चुलीत जातो. उरलेली गुलाबी बोंडअळीच्या भीतीने शेतातच जाळली जाते किंवा तुकडे करून मातीत मिसळली जाते.

लातूर जिल्हा (स्थापना १६ ऑगस्ट १९८२) सोयाबीनची मोठी बाजारपेठ म्हणून ओळखला जातो. सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने व १८ ते २० टक्के तेल असते. तेल काढल्यावर उरणारी पेंड हा वनस्पतिज प्रथिनांचा स्वस्त स्रोत होय. जिल्ह्यातील साखर कारखान्यांत उसाचे चिपाड मिळते. त्यात सेल्युलोज ४० ते ४५ टक्के असते. तथापि चिपाड हे टाकाऊ नव्हे. कारखान्याच्या बाष्पित्रांचे ते इंधन आहे व त्यापासून वीजही निर्माण होते. त्यामुळे ते ‘फुकटचा कच्चा माल’ समजून मांडलेला हिशेब फसवा ठरतो.

पाणी व ऊर्जा : या तंत्राची खरी कसोटी येथे लागते. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले. १२ एप्रिलला पोहोचलेल्या पहिल्या गाडीत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. अशा प्रदेशात कोणताही उद्योग काढावयाचा, तर त्याचा पाण्याचा हिशेब आधी मांडला पाहिजे. अम्ल पद्धतीत १ ग्रॅ. कापसास साधारण १० ते २० मिलि. अम्ल लागते. १ किग्रॅ. कापसास हे प्रमाण १० ते २० लिटर होते आणि केवळ विक्रिया थांबविण्यासाठी १०० ते २०० लिटर पाणी ओतावे लागते. त्यानंतरच्या धुण्याचे पाणी वेगळे. हे सर्व पाणी अम्लयुक्त होते व त्याचे उदासिनीकरण केल्याशिवाय ते नदीनाल्यात सोडता येत नाही.

श्राव्यातीत पद्धतीत १ टक्का निलंबनासाठी १ किग्रॅ. सेल्युलोजास सुमारे १०० लिटर पाणी लागते. म्हणजे पाणी येथेही लागतेच. फरक असा की, या टप्प्यातील पाण्यात अम्ल नसते. ते गाळून पुन्हा वापरता येते. पण चिपाड किंवा पऱ्हाटी घेतली, तर लिग्निन काढण्याच्या पूर्वसंस्कारात दाहक सोड्याचे काळसर सांडपाणी निर्माण होते व हा लाभ बराचसा नाहीसा होतो. सरकीच्या तंतूंत लिग्निन जवळजवळ नसल्यामुळे त्यांना हा संस्कार अत्यल्प पुरतो. पाण्याच्या दृष्टीने पाहता कच्चा माल किती स्वस्त आहे यापेक्षा तो किती शुद्ध आहे, हे अधिक महत्त्वाचे ठरते.

ऊर्जेचा हिशेब अधिक कठोर आहे. ५०० वॉटचे उपकरण १०० मिलि. निलंबनावर (त्यात १ ग्रॅ. सेल्युलोज) अर्धा तास चालविले, तर पाव युनिट (किलोवॉट-तास) वीज खर्च होते. याच प्रमाणाने १ किग्रॅ. मालास २५० युनिट लागतील. औषधासारख्या मौल्यवान मालास हा खर्च परवडेल. कागदाच्या लगद्यात किंवा वेष्टनाच्या पुठ्ठ्यात मिसळावयाच्या मालास तो परवडणार नाही. म्हणून निलंबनाची संहती वाढविणे, द्रव स्थिर न ठेवता वाहत्या प्रवाहावर तरंग देणे आणि एंझाइमांनी तंतू आधी सैल करून घेणे या तीन दिशांनी सुधारणा करण्यात येतात.

महाराष्ट्रातील संशोधन : मुंबईत माटुंगा येथे १९२४ मध्ये स्थापन झालेली कापूस तंत्रविज्ञानाची प्रयोगशाळा आता केंद्रीय कापूस तंत्रविज्ञान संशोधन संस्था म्हणून भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या अखत्यारीत कार्य करते. या संस्थेने कापसाच्या आखूड तंतूंपासून व इतर कृषिज अवशेषांपासून अब्जांश सेल्युलोज मिळविण्याच्या पद्धती विकसित केल्या व २०१५ मध्ये दररोज सुमारे १० किग्रॅ. क्षमतेचे पथदर्शी संयंत्र उभारले. या संयंत्रात मुख्य भर रासायनिक पूर्वसंस्कार व यांत्रिक विघटन यांवर आहे. मोठ्या प्रमाणावरील निर्मितीत श्राव्यातीत तरंगांपुढील अडचणी लक्षात घेता ही निवड उद्‌बोधक आहे.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या व आता अभिमत विद्यापीठ असलेल्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत अनिरुद्ध पंडित, पराग गोगटे व त्यांचे सहकारी यांनी कॅव्हिटेशनच्या औद्योगिक उपयोगांवर दीर्घकाळ संशोधन केले आहे. बुडबुडे ध्वनीनेच निर्माण केले पाहिजेत असे नाही. अरुंद छिद्रातून वेगाने द्रव सोडल्यास दाब घटून ते तेथेही उत्पन्न होतात. यासाठी पंप व छिद्रांची चकती एवढेच पुरत असल्याने मोठ्या घनफळास ही पद्धती अधिक सोयीची असते. या संस्थेचे मराठवाडा उपकेंद्र २०१८ पासून जालना येथे आहे. नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (स्थापना १९९४) व त्याचे लातूर येथील उपकेंद्र यांमुळे कच्च्या मालाच्या प्रदेशातच उच्च शिक्षणाची सोय आहे.

उपयोग व सुरक्षितता : स्फटिकी सेल्युलोजाचा स्थितिस्थापकता गुणांक सुमारे १४० गिगॅपास्कल असून तो काचतंतूच्या सुमारे दुप्पट आहे, तर घनता काचतंतूहून कमी आहे. म्हणून कागद, जैव प्लॅस्टिके, रंगलेप व वेष्टने बळकट करण्यासाठी अब्जांश सेल्युलोज वापरता येते. हळदीतील कुर्कुमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही व शरीरात अत्यल्प शोषले जाते. ते झाइन किंवा सोयाबीन प्रथिनांच्या कणांत बंदिस्त केल्यास पाण्यात सहज पसरते. नांदेड, हिंगोली व वसमत या हळदीच्या पट्ट्याला सोयाबीनचा पट्टा लागूनच असल्याने ही जोडी या प्रदेशास स्वाभाविक आहे. कीटकनाशके व पोषक द्रव्ये पिकास सावकाश पुरविण्यासाठीही असे कण अभ्यासिले जात आहेत.

मूळ पदार्थ खाद्य व निर्धोक असला, तरी त्याचे अब्जांश कणही निर्धोक असतीलच असे गृहीत धरता येत नाही. विशेषतः सेल्युलोजाच्या कोरड्या, लांबट कणांची धूळ श्वासावाटे फुप्फुसात जाऊ देऊ नये. माल ओला हाताळणे हा त्यावरील सोपा उपाय होय. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने अब्जांश औषधांच्या मूल्यमापनासाठी २०१९ मध्ये व कृषी निविष्टा आणि खाद्यपदार्थांसाठी २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आहेत.

सारांश, श्राव्यातीत तरंग हे अल्प प्रमाणातील, मौल्यवान व शुद्धतेस महत्त्व असलेल्या मालाचे साधन आहे. टनावारी पऱ्हाटीचा प्रश्न ते एकट्याने सोडवू शकणार नाही. सरकीचे तंतू पेंडीत जाण्यापूर्वी वेगळे करणे, सोयाबीनच्या पेंडीतील प्रथिने शुद्ध करणे आणि वापरलेले पाणी पुन्हा वापरात आणणे या तीन प्राथमिक गोष्टी साधल्या, तरच नांदेड-लातूर परिसरात या तंत्राला आर्थिक आधार लाभेल.